शास्त्राचा अभ्यास आणि रोजचा मेळ

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या शहरांत दोन दिवस पेढ्यांचा खप वाढतो, गिरगांवांत व दादरांत नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक झळकतात, आणि तिसऱ्या दिवशीं सर्व कांहीं विसरलें जातें. ज्याचें मूल उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झालें तो स्वतःस धन्य मानतो. ज्याचें झालें नाहीं तो मुलाच्या बुद्धीस किंवा आपल्या दैवास बोल लावतो. या दोघांसही एक प्रश्न विचारावयाचें सुचत नाहीं, तो हा कीं, मुलानें वर्षभर अभ्यास केला म्हणजे नेमकें काय केलें? विज्ञानाच्या विषयांत हा प्रश्न विशेष अगत्याचा आहे. त्याचें खरें उत्तर शोधूं लागल्यास असें आढळेल कीं, आमचीं मुलें मेहनतींत कमी पडत नाहींत, मेहनतीच्या रीतींत कमी पडतात; आणि ती रीति त्यांस लहानपणींच लावून देणें हें ज्यांचें कर्तव्य, तीं आपण वडील माणसें मुलांपेक्षांही अधिक कमी पडतों.

लालबाग-परळच्या एखाद्या चाळींत संध्याकाळीं सात वाजल्यानंतर फेरी मारून पाहावी. दहा बाय बाराच्या खोलींत एका बाजूस स्वयंपाक चालला आहे, दुसऱ्या बाजूस टीव्ही बोलत आहे, आणि बाहेर सामाईक गॅलरींत सातवींतला मुलगा मांडीवर वही घेऊन बसला आहे. शाळेंत फळ्यावरून उतरवून घेतलेलें प्रश्नोत्तर तो मोठ्यानें दहा वेळां वाचतो. वडील समाधानानें म्हणतात, ‘पोरगा अभ्यासाला बसला आहे.’ दुसऱ्या दिवशीं तो तें उत्तर धडाधड म्हणून दाखवितो, गुरुजी ‘शाबास’ म्हणतात, आणि महिन्यानें त्या उत्तरांतील पहिलें वाक्यही त्यास आठवत नाहीं. वनस्पति आपलें अन्न कसें तयार करतात हें त्यास काना-मात्रेसह पाठ असतें. पण गॅलरींतील तुळशीची कुंडी पंधरा दिवस कपाटांत कोंडून ठेविली तर काय होईल व तें कां होईल, असें विचारतांच तो विचारणाराच्या तोंडाकडे पाहूं लागतो. कारण हा प्रश्न वहींत नसतो. दादरच्या हिंदु कॉलनींत स्वतंत्र मेजाशीं बसलेल्या मुलाची गोष्टही फारशी निराळी नाहीं. तेथें वहीच्या जागीं शिकवणीवर्गाच्या छापील टिपा असतात, एवढाच काय तो भेद.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहे. त्यांस या रीतींतील दोष त्यांच्याच पेढीवरून समजेल. दुकानाची फळी लावण्यापूर्वीं गल्ल्यांतील रोकड मोजून ती रोजमेळाशीं ताडून पाहणें, हा कोणाही शहाण्या दुकानदाराचा नित्यक्रम असतो. जो दुकानदार वर्षभर नुसती वही उघडून तींतील आंकडे वाचीत बसतो, पण रोकड कधीं मोजीत नाहीं, त्याचें दिवाळें केव्हां निघालें हें त्याचें त्यासच कळत नाहीं. वहींत लिहिली आहे म्हणून रक्कम गल्ल्यांत असतेच असें नाहीं. तद्वत् पुस्तकांत छापलें आहे आणि दहा वेळां डोळ्यांखालून गेलें आहे, म्हणून तें डोक्यांत शिरलेंच असेंही नाहीं. पुस्तक मिटावें, आणि डोक्यांत खरोखर किती उरलें तें मोजावें, हाच अभ्यासाचा रोजमेळ होय. आमच्या जुन्या शाळांत ज्यास ‘उजळणी’ म्हणत, तिचें मर्म न पाहतां म्हणण्यांत होतें. पाहून वाचण्यांत नव्हतें. मात्र जुन्यांनीं ती पाढे व श्लोक यांच्यापुरती ठेविली. अर्थाची उजळणी करावयाची राहूनच गेली.

ही केवळ उपमा आहे असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोडिगर व कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक शास्त्रीय उतारा चार पाळ्यांत पुनःपुन्हां वाचला. दुसऱ्या गटानें तो एकाच पाळींत वाचला, आणि उरलेल्या तीन पाळ्यांत न पाहतां आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणाऱ्यांस शेंकडा ८३ भाग आठवला व लिहिणाऱ्यांस ७१. येथपर्यंत घोकंपट्टीचाच जय! परंतु जेथें परीक्षा एका आठवड्यानें घेतली, तेथें वाचणाऱ्यांजवळ शेंकडा ४० उरले आणि लिहिणाऱ्यांजवळ ६१. यांत आणखी एक बोध घेण्यासारखा आहे. आपणांस पुष्कळ येतें असा भरंवसा पुनःपुन्हां वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होता! परीक्षेच्या आदल्या रात्रीं ‘सगळें झालें’ म्हणणारें मूल आणि पेपर हातीं पडतांच गोंधळणारें मूल हीं एकच कां असतात, याचा उलगडा यावरून होईल. पुढें २०१३ सालीं डन्लॉस्की प्रभृति संशोधकांनीं अभ्यासाच्या दहा रीती तपासून हाच निर्णय दिला: पुनःपुन्हां वाचणें व ओळींखालीं रेघा मारणें यांचा उपयोग थोडा; स्वतःस प्रश्न विचारून पाहणें आणि अभ्यास थोडा थोडा करून अनेक दिवसांवर वांटणें यांचा उपयोग फार.

मग विज्ञानाचा रोजमेळ मुलानें कसा घालावा? त्यास खर्च नाहीं व कांहीं फार मोठें शास्त्रही नाहीं. शाळेंत जो धडा झाला असेल तो घरीं एकदां नीट वाचावा, पुस्तक मिटावें, आणि त्यांतील मुद्दे आपल्या शब्दांत अर्ध्या पानांत लिहावे. हृदयाची किंवा विद्युत्‌मंडलाची आकृति असेल तर ती न पाहतां काढावी, आणि मग पुस्तक उघडून चुकलेल्या जागीं तांबडी खूण करावी. त्या चुकांची एक निराळी वही ठेवावी. तीच परीक्षेच्या वेळीं सर्वांत मोलाची ठरेल. तोच धडा दुसऱ्या दिवशीं पांच मिनिटें, आठवड्यानें पांच मिनिटें व महिन्यानें पांच मिनिटें असाच मिटल्या पुस्तकानें आठवून पाहावा. शेवटीं प्रत्येक धड्यावर ‘असें कां?’ आणि ‘हें बदललें तर काय होईल?’ असे दोन प्रश्न मुलानें स्वतः रचावे. अकरा-बारा वर्षांच्या मुलास याला रोज तासाभराहून अधिक वेळ लागणार नाहीं. पहिले पंधरा दिवस तें कंटाळेल, कारण आपणांस किती थोडें येतें हें कळणें कोणासही सुखाचें नसतें. रोकड कमी भरलेली पाहणें दुकानदारासही कोठें आवडतें? पण जी तूट आज दिसते तीच उद्यां भरून काढतां येते.

विज्ञानाचा अभ्यास मात्र पुस्तकाशीं संपत नाहीं. आणि या बाबतींत आमच्या भागांतील मुलें मोठीं भाग्यवान आहेत. गिरगांवच्या मुलास चौपाटीवरील भरतीची वेळ पंधरा दिवस टिपून ठेवावयास सांगावें. ती रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते हें त्यास स्वतःस दिसेल, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक कां चढतें हा प्रश्न तोच विचारील. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत प्लॅस्टरमध्यें पाणी मिसळल्यावर तें घट्ट होतांना गरम लागतें, पण शाडूची माती वाळतांना तशी तापत नाहीं. एक रासायनिक बदल व दुसरा भौतिक, हा पुस्तकांतील भेद तेथें हातास कळतो. मे महिन्याच्या मध्यास मुंबईंत एके दिवशीं भरदुपारीं उभ्या काठीची सांवली नाहींशी होते. चाळीच्या गच्चीवर तें पाहण्यास एक काठी पुरे. १८९७ सालीं हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत होती. त्याच संस्थेच्या भिंतीवरून रोज शाळेस जाणाऱ्या मुलांपैकीं किती जणांस ती गोष्ट कोणीं सांगितली असेल? वरळीचें नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे. तेथें सहलीच्या दिवशीं रांगेनें धांवत सुटण्याऐवजीं एकाच दालनांत तासभर थांबून एकच यंत्र समजून घेतलें, तर त्याचा लाभ कितीतरी अधिक होईल.

कोणी म्हणतील, हें सर्व खरें, पण आम्हीं मुलास शिकवणीवर्गास घातलें आहे. शिकवणीवर्ग सर्वच वाईट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें वारंवार चांचणी घेतात व चुका समजावून देतात, तेथें मुलांचें हितच होतें. परंतु शाळा सुटल्यावर दोन तास दुसऱ्याच्या तयार टिपा उतरविणें, म्हणजे आपली रोकड दुसऱ्यानें मोजावी व आपण फी भरावी, यांतलाच प्रकार होय. याचें एक उदाहरण डोळ्यांपुढें आहे. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळानें १९८१ पासून सहावी व नववीच्या मुलांकरितां डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालविली आहे. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प व मुलाखत, अशी तिची रचना. हेतु हा कीं, मुलानें स्वतः करून पाहावें व स्वतः विचार करावा. आज त्या स्पर्धेसाठींही वर्ग निघाले आहेत, मार्गदर्शक पुस्तकें निघालीं आहेत, आणि जी परीक्षा घोकंपट्टीवर उतारा म्हणून निघाली तिचीच घोकंपट्टी होऊं लागली आहे. दोष स्पर्धेचा नव्हे; पदकाकडे डोळा ठेवून संवयीकडे पाठ फिरविणाऱ्या पालकांचा आहे.

दुसरी अडचण भाषेची, व ती याहून खोल आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९७४ सालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केलें. आज तें मानखुर्दास असलें तरी त्याचा आरंभ गिरगांवच्या शेजारीं, नाना चौकांतील महापालिकेच्या शाळेंत झाला. प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं १९८० च्या सुमारास महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांना हातीं धरलें. हीं मुलें विज्ञानांत मागें पडतात याचें कारण बुद्धि नव्हे. पाठ्यपुस्तकाची भाषा घरच्या भाषेहून फार दूरची असते आणि प्रश्न विचारण्याची, बोलून दाखविण्याची संवयच त्यांस कोणीं लाविलेली नसते, असें त्यांस आढळलें. भाषा सोपी करून दिली असतां विज्ञानाचें आकलन वाढतें हें त्यांनीं दाखविलें. आणि ज्या मुलांस असें साहाय्य मिळालें, त्यांनीं शालान्त परीक्षेंत चांगलें यश मिळविलें. ही गोष्ट आमच्याच शहरांत, आमच्याच महापालिकेच्या शाळांत सिद्ध झाली असतां आम्हीं तिचा बोध कितपत घेतला? आज ‘सेमी-इंग्रजी’चा प्रघात पडला असून बाकीचे विषय मराठींत व गणित-विज्ञान इंग्रजींत, अशी वांटणी झाली आहे. इंग्रजी यावें हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ग्लासांतील पाण्यांत चमचा वांकडा कां दिसतो हें ज्या मुलास आपल्या आईस मराठींत सांगतां येत नाहीं, त्यास ती व्याख्या इंग्रजींत पाठ असली तरी ती त्याची झालेली नाहीं. शाळेची भाषा कोणतीही असो, शिकलेलें घरच्या भाषेंत सांगतां येणें हीच समजल्याची कसोटी धरावी.

येथें आम्हांस दोन थोर पुरुषांची आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें विद्यार्थिजीवन परळच्या चाळींतील एकाच खोलींत गेलें. त्यांचे वडील रामजी रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत, मुलास उठवून अभ्यासास बसवीत आणि मग स्वतः निजत. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसे. तेथेंच कृष्णराव अर्जुन केळुसकर यांची दृष्टि त्याच्यावर गेली, त्यांनीं त्याची विचारपूस केली व त्यास पुस्तकें दिलीं. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला. दुसरें उदाहरण डॉ. रघुनाथ माशेलकर यांचें. गिरगांवांत दारिद्र्यांत वाढलेला, रस्त्याच्या दिव्याखालीं अभ्यास करणारा हा मुलगा युनियन हायस्कूलांत शिकला. तेथील भावे सरांनीं मुलांस उन्हांत नेऊन बहिर्गोल भिंगानें सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखविला. तो धडा माशेलकर आजवर सांगत आले आहेत. १९६० च्या शालान्त परीक्षेंत ते बोर्डांत अकरावे आले.

या कथा आमच्याकडे फार सांगतात, पण त्यांचें तात्पर्य उलटें काढतात. ‘दिव्याखालीं बसूनही मोठे झाले, मग तुला घरांत बसून कां होत नाहीं?’ असें मुलास हिणविण्याकरितां त्या सांगितल्या जातात. वस्तुतः त्यांतून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत. एका घरीं ठराविक वेळ होती, आणि ती राखण्यासाठीं बाप जागत होता. बसावयास जागा होती, मग ती बाग असो वा दिव्याचा खांब. आणि विचारपूस करणारें, दाखविणारें कोणी तरी माणूस होतें. वेळ, जागा व विचारणारें माणूस, या तिहींवांचून अभ्यासाची संवय लागत नाहीं. आणि यांपैकीं एकही गोष्ट लहान मुलास एकट्यानें मिळवितां येत नाहीं. दिव्याखालून जे दोघे वर आले त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. त्याच दिव्याखालून जे हजारों अंधारांत गेले, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक आहेत?

त्यांतही मुलींची स्थिति विशेष लक्ष देण्याजोगी आहे. पहाटे नळाला पाणी आलें कीं भरावयास तिनेंच उठावयाचें, संध्याकाळीं धाकट्या भावंडास तिनेंच सांभाळावयाचें, आणि भाऊ पुस्तक घेऊन बसला कीं ताटें तिनेंच मांडावयाचीं. मग तिचा तास कोणता? १८४८ सालीं एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं याच शहरांत ज्ञानप्रसाराकरितां सभा स्थापिली व पुढच्याच वर्षीं मुलींच्या शाळा काढल्या. पावणेदोनशें वर्षांपूर्वींच्या तरुणांस जें धैर्य झालें, त्याच्या शतांश धैर्यानें आजच्या बापास घरांतील कामांची वांटणी मुलगा व मुलगी यांत सारखी करतां येईल.

आतां कर्तव्य काय तें स्पष्ट सांगतों. पालकांस पैसा नव्हे, एक घटका मागतों. रोज एक तास टीव्ही बंद ठेवावा, मोबाइल आईच्या डब्यांत ठेवावा, बापाचा मोबाइलही त्यांतच. आणि निजण्यापूर्वीं मुलास एवढेंच म्हणावें, ‘आज विज्ञानांत काय शिकलास तें मला सांग.’ विचारणारास उत्तर ठाऊक असण्याची गरज नाहीं. उलट जी आई शाळेंत गेलेली नाहीं तीच उत्तम परीक्षक, कारण तिला समजेपर्यंत सांगावयाचें म्हणजे मुलास स्वतःस आधीं समजलें पाहिजे. शिक्षकांवर शाळेबाहेरच्या कामांचा बोजा आहे हें आम्ही जाणतों; तथापि तासाचीं पहिलीं पांच मिनिटें मागच्या आठवड्याच्या दोन प्रश्नांना द्यावीं, त्यांस गुण देऊं नयेत, आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्या मुलाचे गुण पुस्तकाचा शब्द नाहीं म्हणून कापूं नयेत.

महापालिकेस आमचें सांगणें असें कीं, गिरगांवापासून परळपर्यंत तिच्या शाळांच्या इमारती आहेत, आणि संध्याकाळीं त्यांतील पुष्कळ वर्ग रिकामे असतात. एका भिंतीपलीकडे मूल जागेवांचून तळमळतें आणि अलीकडे पंखे-दिवे असलेली खोली कुलूपबंद राहते, हा अन्याय केवळ एक किल्ली फिरविली असतां दूर होण्यासारखा आहे. १९८२ च्या संपानंतर या भागांतील गिरण्या हळूहळू बंद पडल्या. त्यांच्या जागीं मनोरे उठले. गिरणी कामगाराच्या नातवंडांस त्या मनोऱ्यांत मानानें काम मिळावयाचें असेल तर त्याचा मार्ग याच खोल्यांतून जातो.

गणेशोत्सव मंडळांस व त्यांस वर्गणी देणाऱ्या व्यापाऱ्यांस एक विनंती. कित्येक मंडळें अभ्यासिका व पुस्तकपेढ्या चालवितात, त्यांचें अभिनंदन असो. परंतु जून महिन्यांत वह्या वांटण्याचा जो समारंभ ठिकठिकाणीं होतो, त्यांत वेष्टणावर दात्याचें छायाचित्र ठसठशीत असतें आणि आंतील पानें कोरीं राहतात. तीं पानें भरावयास मुलास शांत जागा व एक विचारणारा तरुण लागतो. शंभर वह्यांऐवजीं एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यास अल्प मानधन देऊन रोज दोन तास अभ्यासिकेंत बसवावें. त्यानें शिकवूं नये, फक्त पुस्तक मिटवून प्रश्न विचारावे. एका वर्षांत त्या गल्लींतील मुलांच्या विज्ञानाच्या वह्या उघडून पाहाव्या, म्हणजे तो खर्च सार्थकीं लागला कीं नाहीं तें कोणासही दिसेल.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नव्या वह्यांची पूजा होते. पण त्या दिवशीं जो समाधानानें हात जोडतो त्यानें वर्षभर रोज रोकड मोजलेली असते. आपलीं मुलें ही आपल्या शहराची खरी पुंजी आहे, आणि तिचा मेळ आपण वर्षांतून एकदां, निकालाच्या दिवशीं, तोही दुसऱ्याकडून घालून घेतों. आज रात्रीं फळी लावून घरीं गेल्यावर प्रत्येकानें आपल्या मुलास जवळ बसवावें, त्याचें पुस्तक प्रेमानें मिटावें, आणि विचारावें. पहिल्या दिवशीं उत्तर आलें नाहीं तर रागावूं नये. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें.